रॅलीत गाजलेल्या ‘डॉल्फिन’ मोटारीसमोर जतनाचा प्रश्न

यशवंतपूर (बंगळूरू) : मारुती ८०० भारतीय रस्त्यांवर अवतरण्यापूर्वीच बंगळूरूमध्ये एक छोटी मोटार तयार होऊ लागली होती. तुमकूर रस्त्यालगतच्या यशवंतपूर औद्योगिक परिसरातील सिपानी ऑटोमोबाईल्सने १९८२ मध्ये आणलेली ‘डॉल्फिन’ कौटुंबिक मोटार म्हणून फारशी रुजली नाही. मात्र, त्या दशकातील शर्यती व रॅलींमध्ये तिने स्वतःचे स्थान निर्माण केले. आज मोजक्याच उरलेल्या या मोटारींच्या जतनाचा प्रश्न गुंतागुंतीचा ठरला आहे.

या कंपनीची सुरुवात १९७० च्या दशकात ‘सनराइज ऑटोमोटिव्ह इंडस्ट्रीज’ या नावाने झाली. ‘बादल’ ही तीनचाकी मोटार तिचे पहिले उत्पादन होते. त्यानंतरची डॉल्फिन ब्रिटनमधील रिलायंट कंपनीच्या ‘किटन’ मोटारीवर आधारित होती. पोलादी चासीवर फायबरग्लासची बॉडी, पुढे ८४८ सीसीचे अॅल्युमिनियमचे इंजिन आणि मागील चाकांना गती, अशी तिची रचना होती.

रॅलीतील यशाचे गमक तिच्या वजनात होते. मूळ किटनचे वजन सव्वापाचशे किलोच्या आसपास आणि इंजिनाची शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती होती. त्या काळातील प्रीमियर पद्मिनीची शक्ती साधारण तेवढीच होती, पण वजन जवळपास ९०० किलो होते. साहजिकच हलकी मोटार लवकर वेग घेत असे. फायबरग्लासला तडा गेला, तर रेझिनच्या साहाय्याने तो बुजवता येई.

बाजारात मात्र हीच वैशिष्ट्ये अडचणीची ठरली. दोनच दारे कुटुंबांना गैरसोयीची वाटली, तर पत्र्याऐवजी फायबरग्लास असल्याने ग्राहकांच्या मनात शंका राहिली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि स्पर्धेचे चित्रच पालटले. सिपानीने १९८७ मध्ये चार दारांची ‘मोंटाना’ आणली, तरी कंपनीला गेलेली संधी परत मिळाली नाही.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या बिगर-व्यावसायिक मोटारीलाच ‘व्हिंटेज’ दर्जा मिळतो. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल केलेली मोटार त्यात बसत नाही. डॉल्फिनला २०३२ पर्यंत हा दर्जा मिळणे शक्य नाही. त्यातच शर्यतीसाठी बदल केलेल्या किंवा सुट्या भागांअभावी दुसरे इंजिन बसवलेल्या मोटारी त्यानंतरही अपात्र ठरू शकतात.

फायबरग्लासला गंज लागत नाही, चासीला मात्र लागतो. त्यामुळे २०३२ पर्यंत मूळ चासी आणि मूळ इंजिन यांसह किती डॉल्फिन टिकतात, यावर यशवंतपूरच्या या मोटारीचा पुढील इतिहास अवलंबून राहील.