घाट उतरताना

पहाटेचे साडेपाच वाजलेत. समर्थ मंदिराच्या पुढे, जिथून कासचा रस्ता घाट चढायला लागतो, तिथे तीसेक माणसं पावसात उभी आहेत. पाऊस म्हणजे सर नव्हे. ऑगस्टात साताऱ्यावर मुक्काम ठोकून बसतं ते बुरंगट; अंगावर पडतंय हे कळतही नाही आणि दहा मिनिटांत टोपीच्या कडेवरून थेंब गळायला लागतात. कुणी विजेच्या खांबाला धरून पोटऱ्या ताणतंय, कुणी आडोशाला जाऊन मांड्यांना व्हॅसलीन चोळतंय. ओल्या चड्डीने दोन तासांत कातडी कशी सोलवटते, हे ज्याने एकदा सोसलंय तो व्हॅसलीन विसरत नाही. दोनतीन जण मनगट आभाळाकडे धरून घड्याळाला उपग्रह सापडायची वाट बघतायत. अजिंक्यताऱ्याचा नुसता पायथा दिसतोय, वरचं सगळं ढगात.

सातारा हिल हाफ मॅरेथॉनला पाच आठवडे उरलेत. 2012 पासून साताऱ्याने ही शर्यत आपली मानली आहे. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पठारावर पुढे जायचं आणि त्याच वाटेने माघारी यायचं. अर्धमॅरेथॉनचं ठरलेलं अंतर, 21 किलोमीटर 97 मीटर. जातानाचा रस्ता बहुतेक चढाचा, येतानाचा बहुतेक उताराचा. सपाटीवर सराव करून पहिल्यांदा इथे येणाऱ्याच्या डोक्यात फक्त चढ असतो. आमच्यातल्या बऱ्याच जणांच्याही असतो, आणि आजचा रविवार सरांनी त्यासाठीच ठेवलाय.

सर म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक. छत्री नाही, रेनकोट नाही. गळ्यात शिट्टी आहे, पण ती वाजवताना मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

"आज वर जाताना कुणी घड्याळात बघायचं नाही," सर सांगतायत. "शेजारच्याशी बोलत चढा. बोलता येईना, म्हणजे वेग जास्त झाला. दम खाऊन चाललात तरी चालेल. खरी शाळा उतरताना आहे. आणि पांढऱ्या पट्ट्यावर पाय टाकायचा नाही, ओला झाला की घसरतो."

मी आज पळत नाही. पाण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. स्कूटरवर पुढे वीस लिटरचा कॅन, मागे पिशवीत केळी, गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणि मीठ-साखर घातलेल्या लिंबूपाण्याच्या बाटल्या. घोळका निघतो तसा मी त्याच्या मागून हळूहळू चढायला लागतो.

पहिल्या दोन वळणांतच घोळक्याची माळ होते. सगळ्यात पुढे औद्योगिक वसाहतीत कामाला असलेली दोन पोरं, पंचविशीतली, पायात स्प्रिंग असल्यासारखी. त्यांच्या मागे बँकेतले, दवाखान्यातले, एक वकील, एक दूधवाला (हा पहाटे रतीब घालून येतो, त्याला उशीर झाला की सगळे थांबतात). मधल्या टप्प्यात एसटीचे वाहक. रात्रीची पाळी करून आलेत, डोळे लाल आहेत, पण रविवार चुकवायचा नाही हा त्यांचा नेम. त्यांना सप्टेंबरातली ही शर्यत करून जानेवारीत मुंबईला पूर्ण मॅरेथॉन पळायची आहे, 42 किलोमीटर 195 मीटर. मुंबईला शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ लागतो, हे त्यांनी इतक्यांना विचारून घेतलंय की न बघताच तो रस्ता त्यांना पाठ झालाय.

माळेच्या शेवटी बाई आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, वय शेहेचाळीस. पंजाबी ड्रेसची सलवार, वर मुलाचा जुना टीशर्ट, डोक्याला स्कार्फ. बूट मात्र चांगले, पळण्याचे. ते घ्यायला त्या पुण्याला गेल्या होत्या. मागच्या दिवाळीनंतर सरांकडे आल्या तेव्हा एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, एवढंच त्यांना झेपायचं. सर तेवढंच करून घेत. मग दोन मिनिटं पळणं, एक चालणं. मग पाच किलोमीटर न थांबता. होळीच्या सुमारास दहा. अंतर वाढत गेलं, पण सरांनी त्यांना वेगाबद्दल एकदाही विचारलं नाही. रविवारी लांब पळणं, बुधवारी चढाच्या फेऱ्या, बाकी दिवस हलकं, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. सुट्टीचा दिवस मोडला की सर रागावतात. पळून आल्यावर शरीर घडतं ते विश्रांतीतच, हे त्यांचं ठाम मत आहे आणि ते खरं आहे.

"जमतंय का, बाई?" मी स्कूटर बरोबरीला घेत विचारतो.

"जमवायचं की. बोलता येतंय म्हणजे सरांच्या हिशेबात बसतंय." श्वास लागलाय, पण वाक्य पुरं होतं. दोन पावलांनी त्या पुन्हा बोलतात, "आमच्या माणातली पोरगी ऑलिंपिकच्या फायनलला पळली. आम्ही निदान कासपर्यंत तरी जाऊ."

ही पोरगी म्हणजे माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठून तिथे दहावी आली. त्याच्याआधी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत लागोपाठ तीनदा पहिली. माणसारख्या दुष्काळी मुलखातून हे घडलं, याचा बाईंना केवढा अभिमान आहे ते त्यांच्या आवाजात ऐकू येतं. शाळेतल्या मुलींना त्या हे सांगतात, आणि मुली विचारतात, "बाई, मग तुम्ही कधी पळणार?" तेव्हापासून माघार घ्यायची सोय राहिलेली नाही.

पुढच्या वळणावर धुक्यातून एकाएकी दोन दिवे उगवतात. पर्यटकांची गाडी, गाणी मोठ्याने लावलेली, वेग तसाच. बाई कठड्याच्या बाजूला होतात, त्यांच्या पुढचे काका चिखलात पाय घालतात, गाडी पाणी उडवून निघून जाते. काका काही बोलत नाहीत, मोजा पिळतात आणि परत पळायला लागतात. मला मात्र राहवत नाही म्हणून इथेच लिहितो. कासची फुलं बघायला येणाऱ्यांनो, या, जरूर या. पण रविवारी पहाटे या घाटात माणसं पायी असतात. वळणावर वेग कमी करा आणि हॉर्नवर हात ठेवा. फुलं तासभर उशिरा गेलात तरी तिथेच असतात.

यवतेश्वरच्या वर रस्ता जरा सैल होतो. इथे माझा थांबा. आभाळ मोकळं असतं तर उजव्या हाताला कण्हेर धरणाचं पाणी दिसलं असतं. आज वीस पावलांपलीकडचं दिसत नाही. धुक्यातून आधी बुटांची चपचप येते, मग माणूस. औद्योगिक वसाहतीतली पोरं पाणीही न घेता पुढे जातात, ठरलेल्या जागेवरून वळून परत येतात तेव्हा दोघांच्या तोंडातून वाफ निघतेय. वाहक येतात, लिंबूपाण्याचे दोन घोट घेतात. पावसात घाम दिसत नाही म्हणून माणूस पाणी टाळतो, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबर आहे. उलट तहान नसताना नुसतं पाणीच लिटरभर ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन तेही घातक ठरतं. तहान लागली की प्यायचं, आणि लांबच्या पळण्यात त्यात मीठ असू द्यायचं, एवढं पुरतं.

आता उतार.

सर स्वतः वर आलेत, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून. एकेकाला थांबवून उतरायचं कसं ते दाखवतायत, साठीच्या पुढचा माणूस ओल्या डांबरावर. "मागं झुकायचं नाही. मागं झुकलं की टाच आपटते, गुडघा जातो. अंग रस्त्याला सरळ. पाऊल लहान, पण पटपट. हात जरा बाजूला, तोल राहतो. नजर पायाशी नको, दहा पावलं पुढं."

उताराने माणूस का मोडतो, याचं कारण मांडीत आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडून जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी अंगाचं सगळं वजन रोखूनही धरत असतो. उसाची भरली बैलगाडी उताराला लागली की बैल जसे मानेवर ओझं झेलत मागे रेटतात, तशी मांडी प्रत्येक पावलाला झेलते. दम लागत नाही, म्हणून सगळं सोपं वाटतं. पण स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होत राहते आणि ती दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी, जिना उतरताना कळते. यात एक चांगली गोष्ट आहे. असा मार एकदा बेताने खाल्लेला स्नायू पुढचे कित्येक आठवडे तोच मार बराच कमी दुखण्यात निभावून नेतो. म्हणून ही शाळा शर्यतीच्या पाच आठवडे आधी. शर्यतीच्या आठवड्यात भरवली तर सगळे लंगडत सुरुवातीच्या रेषेवर उभे राहतील.

औद्योगिक वसाहतीतली पोरं सुटतात. सरांनी सांगूनही सुटतात. त्या वयात उतार समोर दिसला की पाय ऐकत नाहीत. मी स्कूटर बंद करून नुसती सोडतो आणि त्यांच्या मागून उतरतो. दोन वळणं ते सुंदर पळतात, खरंच सुंदर. तिसऱ्या वळणानंतर पुढच्याचा आवाज बदलतो. चपचप होती तिथे धप्प, धप्प यायला लागतं. टाच आपटतेय. पुढे दरडीची माती रस्त्यावर आलीय, तिथे तो थांबतो आणि दोन्ही हात मांड्यांवर ठेवून वाकतो. मांडीचं कातडं आपोआप थरथरतंय, ओल्या चड्डीवरूनही दिसतंय. "गोळा आला?" "नाही, पण पाय माझे वाटंनात." मी त्याला लिंबूपाणी देतो. तो पितो आणि पहिल्यांदाच वळून वर बघतो, सर कसे दाखवत होते ते आठवत असावा.

तेवढ्यात वरून बाई येतात.

त्यांचं पाऊल जेमतेम एक फूट पडतंय, पण एवढं झपझप की मोजता येत नाही. खांदे सैल, हात बाजूला किंचित उघडे, हनुवटी वर. पांढरी पट्टी आली की पाय आपोआप आत वळतो, शेवाळाची कड आली की बाहेर. कडेकडेने पावसाचं पाणी वाहतंय, त्याच्या बरोबरीने त्या चालल्यासारख्या दिसतात. वेगात आहेत हे शेजारचा मैलाचा दगड मागे पडतो तेव्हा कळतं. त्या बोलत नाहीत, आमच्याकडे बघतही नाहीत. पोरगा हातातली बाटली तशीच धरून त्यांच्याकडे बघत राहतो, मग बाटली मला देतो आणि त्यांच्या मागून, त्यांच्याएवढंच पाऊल टाकत, निघतो.

साडेआठपर्यंत सगळे खाली पोचतात. कुणी बूट काढून त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबतंय. बूट उन्हात किंवा गॅसजवळ वाळवले तर तळ कडक होतो, कागद ओल ओढून घेतो. काकांनी कंदी पेढे आणलेत, नातू झाल्याचे. वाहक पेढा तोंडात टाकून भिंतीला टेकतात आणि बसल्या जागी त्यांचा डोळा लागतो. त्यांना कुणी उठवत नाही.

सर पुढचे पाच आठवडे सांगतायत. अजून दोन लांब रविवार, त्यातला एक पठारापर्यंतचा. मग शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर निम्म्यावर, वेग मात्र थोडा थोडा ठेवायचा, म्हणजे पाय जड होत नाहीत. नवे बूट, नवे मोजे, नवीन काही खाणं, सगळं त्या दिवशी वर्ज्य. कुणीतरी विचारतं, मधे ताप येऊन आठवडा बुडाला तर? "बुडाला तर बुडाला. भरून काढायला जायचं नाही. बुडालेलं भरून काढताना माणसं मोडतात." यावर कुणी वाद घालत नाही.

"बाई, वेळ किती लागला?" वकील विचारतात.

"बघितलाच नाही," बाई म्हणतात. "सर नको म्हणाले होते ना?"

या वर्षी ज्यांनी इथे नाव नोंदवलंय त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या गावात पूल असेल, टेकडी असेल, कुठलाही उतार असेल, तिथे शर्यतीच्या निदान चार आठवडे आधी दोनतीनदा लहान पाऊल टाकत उतरून बघा. जमलं तर एक रविवार इथेच या. साडेपाचला समर्थ मंदिराच्या पुढे आम्ही असतो, पाऊस असला तरी असतो. यवतेश्वर चढून तर सगळेच जातात. शर्यत कशी गेली, हे परत येताना ठरतं.