बातमी वाचण्याचा तास

म्युनिकच्या एका गिम्नाझियममध्ये, म्हणजे माध्यमिक शाळेत, नववीच्या वर्गात मागच्या बाकावर बसायला मिळाले, तेव्हा नाझी काळाचा धडा सुरू होत होता. बाईंनी पाठ्यपुस्तक उघडायला सांगितले नाही. प्रत्येकापुढे एक झेरॉक्स ठेवली. 'म्युंशनर नॉयेस्टे नाखरिख्टन' या दैनिकातली २१ मार्च १९३३ची छोटीशी बातमी. हिमलर तेव्हा म्युनिकचा हंगामी पोलीसप्रमुख होता. त्याच्या हवाल्याने छापले होते की बुधवारी दाखाउजवळ पहिली छळछावणी उघडते आहे आणि तिथे ५,००० माणसांची सोय आहे.

फळ्यावर चार प्रश्न आले. हे कोण सांगते आहे? कुणाला? केव्हा? आणि काय सांगितलेले नाही?

पहिले तीन पटकन सुटले. चौथ्यावर मुले अडली, आणि बाईंनी त्यांना अडू दिले. शांतता लांबली तरी त्यांनी उत्तर पुरवले नाही. शेवटी खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "यांनी गुन्हा काय केला ते लिहिलेलंच नाही." मग एकेक हात वर झाले. खटल्याचा उल्लेख नाही. किती दिवस ठेवणार, तेही नाही. कम्युनिस्टांना कायम तुरुंगात ठेवणे यंत्रणेला जड जाते आणि सोडूनही देता येत नाही, एवढेच कारण दिले आहे. एका मुलाने विचारले, "म्हणजे हे सगळ्यांनी वाचलं होतं?" बाईंनी तो प्रश्न फळ्यावर लिहिला आणि तसाच ठेवला.

या संयमामागे एक ठरलेली शिस्त आहे. १९७६ साली बॉयटेल्सबाख या गावी झालेल्या चर्चेतून जर्मन शिक्षकांनी तीन तत्त्वे घेतली : विद्यार्थ्याला भारावून टाकून त्याच्याकडून मत वदवून घ्यायचे नाही, अभ्यासकांत जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्तच ठेवायचे, आणि मुलाला परिस्थिती स्वतः तपासता आली पाहिजे. याचा अर्थ ज्यूंचा नरसंहार झाला की नाही यावर चर्चा, असा मुळीच नाही. तो नाकारणे जर्मनीत गुन्हा आहे. वाद होतो तो हे कसे घडू शकले, यावर.

मला इतिहासकार राजवाडे आठवत राहिले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८मध्ये निघाला. बखरीपेक्षा अस्सल कागद महत्त्वाचा, हा आग्रह आपल्याकडे इतका जुना आहे. तरी मी शाळेत पानिपत शिकलो ते 'कारणे' आणि 'परिणाम' अशा क्रमांक घातलेल्या मुद्द्यांत. एकही पत्र कधी हातात पडले नाही. मोडी सोडा, बाळबोधीत छापलेले एखादे पत्र तरी नववीच्या मुलाला द्यायला काय हरकत आहे? ही उणीव मला मनापासून खटकते.

म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात गिम्नाझियमच्या मुलांना छळछावणीच्या स्मारकाला भेट द्यावीच लागते. या वर्गाची दाखाउची भेट पुढे होती. तिची तयारी म्हणजेच हे कागद. तिथे २,००,०००हून अधिक माणसे कोंडली गेली आणि ४१,५००च्या आसपास मेली. हे आकडे बाईंनी अजून सांगितले नव्हते. मुलांनी आधी हादरावे आणि मग विचार करावा, हा क्रम त्यांना मान्य नाही.

पुढच्या तासाला दुसरा कागद आला : २३ मार्च १९३३, छावणी उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी राइखस्टागमध्ये झालेले मतदान. हिटलरला संसदेवाचून कायदे करण्याचा अधिकार देणाऱ्या विधेयकाच्या बाजूने ४४४, विरोधात ९४. विरोधातली सगळी मते सोशल डेमोक्रॅटांची. त्यांचे निवडून आलेले सदस्य १२०, आणि कम्युनिस्टांचे ८१. बाईंनी वजाबाकी करायला सांगितली. वह्यांत आकडे उतरले : २६ सोशल डेमोक्रॅट सभागृहात नाहीत, कम्युनिस्ट एकही नाही. "कुठे आहेत ते?" बाईंनी विचारले, तेव्हा अर्ध्या वर्गाने आदल्या तासाची बातमी दप्तरातून बाहेर काढली होती.