अंगावरचे जुनाट पित्त : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अंगावर पित्त उठणे म्हणजे त्वचेवर अचानक लालसर, फुगीर आणि अतिशय खाजणारे चट्टे येणे. कुणी त्यांना गांधी म्हणतात, कुणी पित्ताच्या गाठी. वैद्यकात या विकाराला अर्टिकेरिया असे नाव आहे. प्रत्येक चट्टा साधारणपणे २४ तासांच्या आत, मागे खूण न ठेवता विरतो. मात्र तोवर दुसरीकडे नवा उठलेला असतो. काहींचे ओठ किंवा पापण्याही सुजतात. हा प्रकार ६ आठवड्यांहून अधिक काळ चालू राहिला की तो जुनाट मानला जातो, आणि त्यामागे बाहेरचे ठरावीक कारण सापडत नसेल तर त्याला क्रॉनिक स्पॉन्टेनियस अर्टिकेरिया म्हणतात. कोणत्याही वेळी लोकसंख्येच्या सुमारे ०.५ ते १ टक्का लोकांना हा त्रास असतो. स्त्रियांमध्ये पुरुषांच्या साधारण दुप्पट. अंधेरी, विलेपार्ले, जोगेश्वरी हा परिसर सामावणाऱ्या मुंबई महापालिकेच्या के-पूर्व आणि के-पश्चिम या दोन विभागांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १५ लाखांहून अधिक होती. त्या हिशेबाने एवढ्या परिसरातच साडेसात ते पंधरा हजार माणसे रात्री अंग खाजवत जागी असण्याची शक्यता आहे. हा विकार दुर्मीळ नाही.

इतक्या सर्रास आढळणाऱ्या विकाराभोवती इतके गैरसमज का साचले, याचे उत्तर त्याच्या स्वभावातच आहे. चट्टे आपोआप येतात आणि आपोआप जातात. त्यामुळे चट्टा उठण्याआधी पोटात गेलेला कोणताही पदार्थ दोषी ठरतो आणि चट्टा विरण्याआधी केलेला कोणताही उपाय गुणकारी वाटतो. खरे तर काहीच केले नसते तरी तो चट्टा दुसऱ्या दिवशी राहिला नसता. पुढच्या बहुतेक समजुतींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

सर्वांत रुजलेली समजूत म्हणजे हा पोटातल्या पित्ताचा विकार आहे आणि ॲसिडिटी गेली की तो जाईल. छातीत जळजळणे आणि अंगावर चट्टे उठणे यांना बोलीभाषेत एकच शब्द असल्याने ती आणखी घट्ट झाली आहे. प्रत्यक्षात चट्ट्यांचा उगम त्वचेतल्या मास्ट पेशींत आहे. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये त्यांचे वर्णन केले. या पेशींत हिस्टामिन नावाचे रसायन साठवलेले असते. ते बाहेर पडले की सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव झिरपतो, त्वचा फुगते आणि मज्जातंतू चेतवले जाऊन खाज सुटते. जठरात आम्ल तयार होण्यातही हिस्टामिनचा वाटा असतो हे खरे, पण तिथे ते एच-२ या ग्राहीवर काम करते आणि त्वचेतली खाज-सूज मुख्यतः एच-१ ग्राहीमुळे येते. म्हणूनच आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी जळजळ थांबते आणि चट्टे तसेच राहतात. वर्षानुवर्षे सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेऊनही अंग खाजते अशी तक्रार करणाऱ्यांचे औषध चुकीच्या दाराशी गेलेले असते.

दुसरी समजूत खाण्याची. वांगे बंद, अंडी बंद, मासळी बंद, आंबट बंद, शेंगदाणे बंद, असे करत करत ताटात वरणभात उरतो आणि चट्टे मात्र येतच राहतात. अन्नाच्या खऱ्या ॲलर्जीची रीत वेगळी असते. तो पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन-एक तासांत त्रास होतो, जवळपास दर वेळी होतो आणि न खाल्ल्यास होत नाही. रोज किंवा दिवसाआड, कधी पहाटे तर कधी मध्यरात्री, महिनोन्‌महिने उठणाऱ्या पित्तामागे एखाद्या पदार्थाची ॲलर्जी क्वचितच सापडते. वाढत्या वयाची मुले, गर्भवती आणि आधीच पांडुरोग असलेल्या स्त्रिया यांना अशी उपासमार घडवणे हा उपचार नव्हे. त्यात केवळ नुकसान आहे.

वर्सोव्याच्या कोळीवाड्याशेजारी आणि मरोळच्या मासळीबाजाराजवळ राहणाऱ्यांना मात्र एक बारकावा माहीत असायला हवा. बांगडा, ट्यूना यांसारखी मासळी पकडल्यानंतर बर्फात नीट ठेवली नाही, तर जिवाणू तिच्या मांसातल्या हिस्टिडिनचे हिस्टामिन करतात. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोके दुखते, अंगावर चट्टेही उठतात. शिजवल्याने हे हिस्टामिन नष्ट होत नाही. ही विषबाधा आहे, ॲलर्जी नाही. त्या एका जेवणापुरती ती असते आणि तोच मासा खाणाऱ्या घरातल्या इतरांनाही होऊ शकते. तिच्यावरून आयुष्यभर बांगडा सोडण्याचे कारण नाही. ताजी, बर्फातली मासळी घेणे पुरेसे आहे.

खाण्यावरच्या संशयातूनच ॲलर्जीच्या मोठ्या रक्ततपासण्यांकडे वळले जाते. शंभर-दोनशे पदार्थांची यादी आणि प्रत्येकापुढे एक आकडा, असा अहवाल हाती आला की शोध संपल्यासारखा वाटतो. पण रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई प्रतिपिंडे सापडणे म्हणजे त्या पदार्थाने त्रास होणे नव्हे. अनेक निरोगी माणसांच्या रक्तातही ती असतात. आयजीजी मोजणाऱ्या ‘फूड इनटॉलरन्स’ तपासण्यांना तर या आजारात काहीच आधार नाही, कारण आयजीजी हे बहुधा तो पदार्थ खाण्यात असल्याचे लक्षण असते. जुनाट पित्तासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सुरुवातीला फारच थोड्या तपासण्या सुचवतात : रक्तपेशींची गणना, ईएसआर किंवा सीआरपी, आणि तज्ज्ञाकडे गेल्यावर एकूण आयजीई व थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे. बाकीचा खर्च बहुतेकांच्या बाबतीत वाया जातो.

रक्त अशुद्ध झाले, पोटात जंत झाले, अंगात उष्णता वाढली ही स्पष्टीकरणेही नेहमी ऐकू येतात. जंतांमुळे अंगावर उठू शकते हे खरे. पोटाची लक्षणे असतील किंवा रक्तात इओसिनोफिल वाढलेले असतील तर शौचाची तपासणी योग्यच. पण सगळ्यांनाच पुन्हा पुन्हा जंतांचे औषध देण्यात अर्थ नाही. ‘रक्तशुद्धी’च्या काढ्यांबाबत तर प्रश्नच येत नाही, कारण या विकारात रक्त अशुद्ध नसतेच.

मग कारण काय? या प्रश्नाच्या उत्तरात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मोठी भर पडली आहे. १९९३ मध्ये लंडनमधील संशोधकांनी दाखवून दिले की जुनाट पित्ताच्या काही रुग्णांच्या रक्तात मास्ट पेशींवरील आयजीई-ग्राहीविरुद्धच प्रतिपिंडे असतात. ती त्या ग्राहीला चिकटून पेशीला हिस्टामिन सोडायला लावतात. इतर काही रुग्णांत आयजीई स्वतःच्याच शरीरातल्या घटकांविरुद्ध तयार झालेले असते, उदाहरणार्थ थायरॉइडमधल्या एका विकराविरुद्ध. थोडक्यात, हा बऱ्याच अंशी स्वयंप्रतिकाराचा आजार आहे. शत्रू बाहेर शोधून सापडत नाही, कारण तो ताटात किंवा उशीत नसतोच. या रुग्णांमध्ये थायरॉइडचे स्वयंप्रतिकारी विकार अधिक आढळतात ते याच कारणाने. ‘कारण सापडत नाही’ याचा अर्थ डॉक्टरांना काहीच कळत नाही असा घेतला जातो आणि रुग्ण एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरत राहतो. बाहेरचे कारण नाही हे कळणे हेच या आजारातले निदान आहे, आणि ते रुग्णाला स्वच्छ शब्दांत सांगितले गेले पाहिजे.

काही पित्ताला मात्र ठरावीक निमित्त लागते. गर्दीच्या वेळी अंधेरी स्थानकाचा जिना चढताना घाम फुटतो आणि काही मिनिटांत मानेवर-छातीवर टाचणीच्या डोक्याएवढे असंख्य ठिपके उठतात, तो कोलिनर्जिक प्रकार. शरीराचे तापमान वाढल्याने तो होतो; त्याचा धुळीशी जोडला जाणारा संबंध सहसा घाईचा असतो. जड पिशवीच्या पट्ट्याखाली किंवा तासन्‌तास उभे राहिल्यावर तळव्यांना चार-सहा तासांनी सूज येते, तो दाबाचा प्रकार. उशिरा येत असल्याने त्याचे निमित्त लक्षातच येत नाही. नखाने ओढलेली रेघ फुगून उठते तो डर्मोग्राफिझम. थंडीने उठणारे पित्त असेल तर समुद्रात किंवा तलावात एकदम उडी घेणे जिवावर बेतू शकते. हे प्रकार साध्या चाचण्यांनी दवाखान्यातच ओळखता येतात. बर्फाचा तुकडा पाच मिनिटे हातावर ठेवणे ही त्यांतलीच एक.

वेदनाशामक गोळ्यांकडे मात्र हवे तेवढे लक्ष जात नाही. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांमुळे जुनाट पित्ताच्या सुमारे एक चतुर्थांश रुग्णांचे चट्टे भडकतात. वांग्यावर बंदी आणि डोकेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून उचललेली गोळी चालू, असे कित्येक घरांत दिसते. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते.

आता औषधांविषयी. ‘रोज गोळी घेतली की सवय लागते, म्हणून खाज सुटली तरच घ्यावी’ हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण तो उलटा आहे. अँटिहिस्टामिन हिस्टामिनच्या आधी ग्राहीवर जाऊन बसले तरच उपयोगी पडते. चट्टा उठल्यावर घेतलेली गोळी उशिरा पोहोचते. म्हणून ती रोज, ठरल्या वेळी घ्यायची असते. या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन ही नव्या पिढीची औषधे आहेत. फेनिरामिन, क्लोरफेनिरामिन ही जुनी औषधे मेंदूत अधिक शिरतात, झोप आणतात आणि झोपेची प्रतही बिघडवतात. रिक्षा चालवणाऱ्याने किंवा एमआयडीसीत यंत्रावर उभे राहणाऱ्याने ती टाळणेच बरे. नव्या गोळ्यांपैकी सेट्रिझिननेही काहींना गुंगी येते, तेव्हा बदल करून घेता येतो.

नेहमीच्या मात्रेने निम्म्याहून अधिक रुग्णांना पूर्ण आराम पडत नाही. इथेच अनेक जण औषध ‘लागू पडत नाही’ म्हणून सोडतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली नव्या पिढीची हीच गोळी चौपट मात्रेपर्यंत वाढवता येते, असे आंतरराष्ट्रीय तत्त्वे सांगतात. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहमती-पत्रातही ही वाट आहे. त्याच्या लेखकांत नवी मुंबईचे डॉ. किरण गोडसे आणि नाशिकचे डॉ. विजय झवर हे महाराष्ट्रातले तज्ज्ञ आहेत. त्यानेही भागले नाही तर ओमालिझुमॅबचे ३०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दर ४ आठवड्यांनी देतात. ते आयजीईला बांधून ठेवते. अमेरिकेत २०१४ मध्ये त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. ते महाग आहे, आणि अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर असल्याने प्रतिकारशक्ती दाबणारे सायक्लोस्पोरिन रक्तदाब व मूत्रपिंडावर लक्ष ठेवून वापरले जाते. २०२५ मध्ये अमेरिकेत ड्युपिलुमॅब आणि रेमिब्रुटिनिब यांनाही मान्यता मिळाली.

सर्वांत जास्त नुकसान स्टेरॉइडवरच्या विश्वासाने होते. बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनच्या गोळीने एका रात्रीत अंग स्वच्छ होते, आणि मग तीच चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने ती आणली जाते. गोळी थांबताच चट्टे परततात. दरम्यान मधुमेह, रक्तदाब, हाडांची झीज, मोतीबिंदू, चेहऱ्यावरची सूज यांची सुरुवात झालेली असते. तीव्र उठावात जास्तीत जास्त दहा दिवसांपुरते स्टेरॉइड समर्थनीय आहे. त्यापलीकडे जुनाट पित्तात त्याला जागा नाही.

घरगुती उपायांत आमसुलाचे पाणी अंगाला चोळणे हा महाराष्ट्रात आणि गोव्यात घरोघरी चालणारा उपाय. गार पाण्याने खाज तात्पुरती शमते, त्यामुळे बरे वाटणे खरे आहे, आणि थंडीने उठणारे पित्त नसेल तर तो करण्यात धोकाही नाही. आजार मात्र त्याने हटत नाही. घोंगडी पांघरण्याचा उपाय टाळावा, कारण लोकरीच्या घर्षणाने आणि उष्णतेने चट्टे वाढू शकतात.

हा आजार स्पर्शाने, कपड्यांतून किंवा एका ताटात जेवल्याने पसरत नाही. लग्न ठरताना तो लपवावा लागतो, याला वैद्यकीय आधार नाही. ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ हेही खरे नाही. ताणाने चट्टे वाढतात, पण ताण हे मूळ कारण नव्हे. झोप उडवणारी खाज स्वतःच ताण निर्माण करते.

हा विकार बहुधा जिवावर उठत नाही, तरी काही खुणा वेगळ्या मानायच्या. श्वास लागणे, आवाज बदलणे, जीभ सुजणे किंवा भोवळ येणे असे झाले तर १०८ ला फोन करून तातडीने रुग्णालय गाठावे. एकच चट्टा २४ तासांहून अधिक टिकत असेल, खाजण्याऐवजी दुखत असेल किंवा मागे काळसर डाग ठेवत असेल, तर रक्तवाहिन्यांच्या दाहाची शंका घेऊन त्वचेचा तुकडा तपासावा लागतो. चट्टे न उठता केवळ ओठ-चेहरा सुजत असेल तर रक्तदाबाच्या रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्या चालू आहेत का, हे आधी पाहावे.

जुनाट पित्त बहुतेकांत एक ते पाच वर्षांत आपोआप शमते. औषधे त्याला मुळापासून उपटत नाहीत. आजार ओसरेपर्यंत ती चट्टे आणि खाज पूर्ण दाबून ठेवतात आणि माणसाला झोपू देतात. काही महिने एकही चट्टा नसला की मात्रा हळूहळू उतरवून पाहतात. दवाखान्यात नंबर येईपर्यंत चट्टे नेमके नाहीसे झालेले असतात, म्हणून त्यांची छायाचित्रे मोबाइलवर काढून ठेवावीत. सात दिवस रोजच्या चट्ट्यांना आणि खाजेला प्रत्येकी शून्य ते तीन गुण द्यावेत; या ४२ पैकी गुणांवरूनच डॉक्टर मात्रा ठरवतात. अंधेरीकरांना जवळच्या कूपर रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जाता येते. जाताना ती छायाचित्रे, गुणांचा कागद आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, अंगदुखीच्या गोळीसकट, बरोबर न्यावीत.