न धडकता होणारी टक्कर

न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर विद्यापीठात ओमेगा नावाचा ६० किरणांचा लेझर आहे. समोरासमोर ठेवलेल्या प्लास्टिकच्या दोन चकत्यांवर त्याचे किरण सोडले, की पृष्ठभागाचा प्लाझ्मा होतो आणि दोन लोट सेकंदाला सुमारे हजार किलोमीटर वेगाने एकमेकांवर धावून जातात. आता जोरदार टक्कर होणार, असं वाटतं. होत नाही. इतक्या वेगात वेग दुप्पट झाला, तर कणाला धडक बसण्याआधी साधारण सोळापट अंतर तुडवावं लागतं. लोट आरपार निघून जातात.

मग ताऱ्याच्या स्फोटानंतर अवकाशातल्या विरळ प्लाझ्मात आघातलाट उठते ती कशी? एक उत्तर एरिक वायबेल यांनी १९५९ मध्ये वर्णिलेल्या अस्थिरतेत आहे. एकमेकांतून जाणाऱ्या प्रवाहांचे धागे पडतात, धाग्यांभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि तेच कणांना वळवतं. म्हणजे भिंत असते, पण क्षेत्राची.

हे सारं काही अब्जांश सेकंदांत उरकतं, म्हणून आधी ते संगणकावर घडवून पाहतात. जागेची बारीक चौकटींची जाळी करायची. कणांच्या हालचालीवरून विद्युतप्रवाह मोजायचा, मॅक्सवेलच्या समीकरणांनी क्षेत्र काढायचं, त्या क्षेत्राने कण किंचित पुढे ढकलायचे. मग पुन्हा पहिल्यापासून, हजारो वेळा.

इथे दोन तडजोडी होतात. संगणकातला एक कण असंख्य खऱ्या कणांच्या वतीने पळतो. दुसरी जास्त मजेशीर: प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड, पण संगणकात तो बऱ्याचदा शंभरेक पटच ठेवतात. काळाचं पाऊल चपळ इलेक्ट्रॉनला झेपेल इतकं बारीक लागतं. जडशीळ प्रोटॉन हलेपर्यंत महासंगणकाचंही भाडं परवडत नाही. याला मी लबाडी म्हणणार नाही. मात्र संगणकाचं रंगीत चित्र पाहताना प्रोटॉन किती हलका केलाय, हे आधी विचारावं.

खरी परीक्षा प्रयोगशाळेतच. ओमेगावर प्लाझ्मातून प्रोटॉनचा झोत सोडून त्याची छाया टिपली, तेव्हा धागे स्पष्ट दिसले. ते निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्ण लाट मात्र तिथे उभी राहिली नव्हती. त्यासाठी कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर इथला १९२ किरणांचा लेझर लागला आणि त्या लाटेने इलेक्ट्रॉनांना वेग दिल्याची नोंद २०२० मध्ये छापून आली.