कॉम्प्युटरची ‘मेमरी फुल’ झाली म्हणजे नेमकं काय फुल झालं?

हे आजच्या भागाचं लेखी रूप. ऐकताना आकडे आणि केबलींची नावं डोक्यात राहत नाहीत, म्हणून इथे जरा निवांत लिहितोय. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी एकदा वाचून काढा.

तर झालं असं, दिवाळीला घरी जायच्या आठवडाभर आधी बाबांचा फोन आला. “अरे, कॉम्प्युटरची मेमरी फुल झालीय. फार स्लो चालतोय. येताना एक टीबीची हार्ड डिस्क घेऊन ये, म्हणजे पळायला लागेल.”

मशीन २००९ चं. पेंटियम ड्युअल कोर, इंटेलच्या जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड, २ जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क. बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. डिस्क खरंच भरली होती. पण मशीन पळत नव्हतं त्याचं कारण वेगळं होतं. त्यांच्या एका वाक्यात दोन वेगळे आजार होते आणि दोघांना नाव एकच, ‘मेमरी’.

रॅम म्हणजे ओटा, डिस्क म्हणजे माळा

तुमच्या फोनच्या खोक्यावर ४/६४ किंवा ६/१२८ असं लिहिलेलं असतं ना? पहिला आकडा रॅम, दुसरा स्टोरेज. कॉम्प्युटरचंही तेच.

स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. रॅम म्हणजे ओटा. आत्ता जे चिरायचं, निवडायचं, परतायचं ते सगळं ओट्यावर. हार्ड डिस्क म्हणजे माळा. वर्षभराचं सामान तिथे. आता माळा भरला म्हणून दुसरा माळा बांधला, तर सामान मावेल. पण ओटा तेवढाच राहिला ना! स्वयंपाक काही भराभर होणार नाही.

आणि ओटा लहान असला की काय होतं? थोडं सामान माळ्यावर ठेवायचं, लागलं की शिडी लावून काढायचं. कॉम्प्युटर अगदी हेच करतो. रॅम भरली की त्यातला काही भाग डिस्कवर टाकतो. विंडोजमध्ये त्याला पेज फाइल म्हणतात, लिनक्समध्ये स्वॅप. तुम्ही ब्राउझरमधून फोटोंकडे गेलात की शिडी, परत ब्राउझरकडे आलात की पुन्हा शिडी. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा सतत लुकलुकतो आणि माउस अडकतो तो यामुळे.

ही शिडी किती मंद आहे बघा. डेस्कटॉपची साधारण हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे मारते. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवा तो डेटा डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं, शिवाय डोकं योग्य पट्ट्यावर सरकायला वेगळा वेळ. प्रत्येक वेळी. एसएसडीत काही फिरतच नाही, त्यामुळे हे थांबणं जवळजवळ संपतं. माळा जाऊन हाताशी फडताळ आलं असं समजा.

आधी तपासा, मग पैसे काढा

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा. नेहमीची कामं सुरू असताना मेमरी ९० टक्क्यांच्या आसपास आणि डिस्क १०० टक्के दिसत असेल, तर ओट्याचा प्रश्न आहे. मेमरी निवांत आहे, फक्त सी किंवा डी ड्राइव्हची पट्टी लाल झालीय, तर माळ्याचा प्रश्न. आमच्याकडे दोन्ही होते.

मग पहिला विचार, रॅम वाढवता येते का? मदरबोर्डचा मॉडेल नंबर बोर्डवरच छापलेला असतो. तो शोधून किती रॅम चालते ते बघा. जी३१ ची मर्यादा ४ जीबी, आणि तीसुद्धा डीडीआर२ प्रकारची. डीडीआर३ ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही, जोर करू नका. दुरुस्तीच्या दुकानात २ जीबीच्या दोन जुन्या पट्ट्या मिळाल्या, त्या टाकल्या. इथे ओटा संपला, याहून मोठा होणार नाही. आणखी एक, ३२ बिट विंडोज असेल तर ४ जीबी टाकूनही ती सगळी वापरता येत नाही.

म्हणून मी दोन डिस्क घेतल्या. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी २४० जीबीची एसएसडी आणि साठ्यासाठी बाबांनी सांगितलेली १ टीबीची हार्ड डिस्क. तुमच्याकडे एकाचेच पैसे असतील तर नियम सोपा आहे. मशीन मंद आहे, एसएसडी घ्या. मशीन ठीक आहे, फक्त जागा नाही, हार्ड डिस्क घ्या.

स्क्रू काढण्याआधी कॉपी

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे सांगण्यासाठीच खरं तर हा भाग केला.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी पहिल्यांदा दुसरी डिस्क लावली होती. जुनी ५०० जीबी, नवीही ५०० जीबी. यादीत दोन्ही सारख्याच दिसत होत्या. मी आत्मविश्वासाने फॉरमॅट केली. जुनी! ताईच्या शाळेच्या गॅदरिंगचे सगळे फोटो गेले. ताई एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं.

बाबांच्या ३२० जीबीत आजीने गायलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. बाबांनी फोनवर रेकॉर्ड करून तिथे ठेवलेल्या. आजी आता नाही. दुसरी कॉपी कुठेही नव्हती. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट प्रोग्रॅमने डिस्क तपासली तर पिवळा इशारा, काही सेक्टर वाचताना अडखळत होते. म्हणजे डिस्क आज चालू होती, उद्याचं सांगता येत नव्हतं.

त्यामुळे पहिली रात्र फक्त कॉपी. जुन्या मशीनचं यूएसबी २.० असतं, सेकंदाला ३० एमबीच्या आसपास जातं. २०० जीबीला दोन तास तरी धरा, बारीक फाइल जास्त असतील तर आणखी. कॉपी झाल्यावर पाच-सहा फाइल उघडून बघा. मी ओव्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकल्या. बाबा शेजारी बसले होते.

आता जोडणी

मशीन बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जाईल. कॅबिनेटच्या धातूला हात लावा, अंगावरची स्टॅटिक वीज उतरते.

साटा डिस्कला दोन केबली लागतात. लहान, सात पिनांची डेटाची, ती मदरबोर्डला. रुंद, पंधरा पिनांची पॉवरची, ती एसएमपीएसमधून येते. दोन्हींचं तोंड इंग्रजी एल अक्षरासारखं, त्यामुळे उलटी बसत नाही. एसएमपीएसला साटाची जादा पिन नसेल तर चार पिनांच्या जुन्या कनेक्टरवरून कन्व्हर्टर मिळतो. तुमच्या बोर्डवर चाळीस पिनांची चपटी आयडीईचीच केबल असेल तर साटा डिस्क थेट लागणार नाही.

एसएसडीवर ६ जीबीपीएस लिहिलंय आणि बोर्ड ३ चा आहे, तर? चालते. वेग ३ वर थांबतो, पण आपला फायदा ‘थांबणं’ संपण्यात आहे, तो मिळतोच.

आणि माझ्या चुकीवरचा उपाय: सिस्टिम टाकताना जुन्या डिस्कची डेटा केबल काढूनच ठेवा. जी डिस्क दिसतच नाही ती चुकून पुसली जात नाही.

फक्त साठ्यासाठी डिस्क लावली आणि विंडोजमध्ये दिसत नाहीये? घाबरू नका, डिस्क खराब नाही. स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट. नवी डिस्क काळ्या पट्टीसह ‘अनअलोकेटेड’ दिसेल. इनिशिअलाइझ करा, मग न्यू सिंपल व्हॉल्यूम. २ टीबीपर्यंत एमबीआर चालतं, त्याहून मोठीला जीपीटी. १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवेल. दुकानदाराने फसवलं नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.

मग पळायला लागला का?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अटींत हा प्रोसेसर बसत नाही. म्हणून एसएसडीवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली. आधी मशीन चालू करून बाबा चहा टाकायला जायचे, आता चहा उकळायच्या आत डेस्कटॉप समोर असतो. पण खरं सांगतो, ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब उघडले की अजूनही धापा टाकतो. ओटा शेवटी ४ जीबीचाच आहे. डिस्क बदलून तो वाढत नाही, फक्त शिडीचे कष्ट कमी होतात.

फोटो आणि ओव्या आता १ टीबीवर आहेत, एक कॉपी पोर्टेबल डिस्कवर आणि एक माझ्याकडे पुण्याला. जुनी ३२० जीबी कपाटात ठेवलीय.

तुमच्याही घरी असं एखादं मशीन असेलच. डिस्क पुढच्या महिन्यात घ्या हवं तर. कॉपी मात्र आज रात्रीच लावा.

भेटू पुढच्या भागात!