न लिहिलेलं फील्ड

चेन्नईच्या ओएमआरवरच्या आमच्या ऑफिसात रात्री जावाच्या सर्व्हरची मेमरी संपली, की सकाळी हीप डंप उघडला जातो. त्या क्षणी मेमरीत असलेले सगळे ऑब्जेक्ट या फाइलीत असतात. कोण कोणाला धरून बसलंय, ते त्यातून शोधायचं.

शेजारच्या टेबलावरची सहकारी एक जुना रिपोर्ट ऑब्जेक्ट निवडते. त्याचं काम कधीच संपलंय, पण गार्बेज कलेक्टरनं तो उचललेला नाही. ‘पाथ टू जीसी रूट्स’ काढल्यावर साखळी उलगडते: एक कॅश, तिच्यात एक चिमुकली नोंद, नोंदीत ‘धिस-डॉलर-झीरो’ हे फील्ड आणि त्याला लटकलेला अख्खा रिपोर्ट. हे फील्ड सोर्स कोडमध्ये कुठेच नाही; ते कम्पायलरनं घातलंय.

1997 साली जावा 1.1 मध्ये इनर क्लास आले. क्लासच्या आत लिहिलेला क्लास ‘स्टॅटिक’ नसेल, तर त्याचा प्रत्येक ऑब्जेक्ट बाहेरच्या ऑब्जेक्टचा रेफरन्स जवळ बाळगतो. ‘स्टॅटिक’ लिहिलं की हा रेफरन्स जातो; बाहेरच्या क्लासचे प्रायव्हेट सदस्य वापरायची मुभा मात्र राहते. जावाच्या हॅशमॅपमध्ये दोन्ही प्रकार दिसतात. ‘नोड’ स्टॅटिक आहे, कारण ‘की’ आणि ‘व्हॅल्यू’ सांभाळायला त्याला मॅप लागत नाही. ‘कीसेट’ इनर आहे, कारण त्याला स्वतःचा साठाच नाही. त्याचा आकार म्हणजे मॅपचा आकार.

आमची नोंद यातली कुठली? सहकारी तिच्यापुढे ‘स्टॅटिक’ टाइप करून कम्पाइल करते. दोन एरर येतात: रिपोर्टचा क्रमांक आणि तारीख. म्हणजे एवढ्या मोठ्या ऑब्जेक्टमधून नोंदीला हवी होती ती इतकीच माहिती. ती दोन्ही मूल्यं कन्स्ट्रक्टरमधून देते आणि एरर जातात. कॅशमधल्या नोंदी तशाच राहतात, रिपोर्ट सुटतात.

2022 च्या जेडीके 18 पासून बाहेरचा रेफरन्स वापरलाच नसेल, तर कम्पायलर सहसा हे फील्ड गाळतो. इथे तो वापरला जात होता, त्यामुळे नव्या कम्पायलरनंही सुटका झाली नसती. म्हणून आमच्या रिव्ह्यूत आता प्रश्न उलटा विचारला जातो. आतला क्लास स्टॅटिक धरूनच सुरुवात करायची. तो शब्द काढायचा असेल, तर बाहेरचा ऑब्जेक्ट कशासाठी हवा ते आधी सांगायचं.