मानमोडी, पक्षिज्वर आणि अरण्यप्रदेशातील शासन : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात साथीच्या भीतीचा विचार

डिसेंबर २०२४ च्या उत्तरार्धात नागपूरजवळील गोरेवाडा येथील वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या मृत्युमुखी पडले. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत त्यांच्या नमुन्यांची तपासणी झाली आणि नववर्षाच्या आरंभीच निर्णय हाती आला : मृत्यूचे कारण एच५एन१ हा विषाणू, म्हणजे ज्याला लोक बर्ड फ्लू म्हणतात तो पक्षिज्वर होय. मृत वाघ चंद्रपूर जिल्ह्यातून आणलेले होते. मनुष्य व वाघ यांच्यातील संघर्षामुळे त्यांना जंगलातून हलवावे लागले होते. त्यानंतर महिनाभराच्या आतच, जानेवारी २०२५ च्या अखेरीस, ब्रह्मपुरी तालुक्यातील मांगली या गावी कोंबड्यांमध्ये हाच रोग आढळला व सभोवतालचा दहा किलोमीटरचा टापू सतर्कता क्षेत्र म्हणून जाहीर झाला. ब्रह्मपुरी हा वाघाच्या भयाने आधीच ग्रासलेला तालुका. तेथील शेतकऱ्याला वाघापासून जपून राहण्याची सवय आहे. परंतु आपल्याच अंगणातील कोंबडीपासून जपावे, ही कल्पना त्याच्या अनुभवाच्या चौकटीत सहजासहजी बसणारी नव्हे.

वाघाला पक्ष्याचा रोग व्हावा ही गोष्ट चमत्कारिक वाटली तरी अपूर्व नाही. ऑक्टोबर २००४ मध्ये थायलंडमधील एका व्याघ्रसंग्रहालयात कोंबडीचे कच्चे मांस खाऊन सुमारे दीडशे वाघ दगावले वा त्यांना मारावे लागले. या विषाणूच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन नावाचे एक प्रथिन असते. त्याच्या योगे तो पेशीला चिकटतो. पक्ष्यांच्या आतड्यात व श्वसनमार्गात ज्या प्रकारचे ग्राहक-रेणू असतात, त्यांना हे प्रथिन सुलभतेने जुळते. मनुष्याच्या घशात व नाकात असणाऱ्या निराळ्या घडणीच्या रेणूंना मात्र ते नीट जुळत नाही. मनुष्याच्या फुप्फुसात खोलवर पक्ष्यांसारखे काही ग्राहक आहेत. त्यामुळे रोग झाला तर तो भीषण होतो, पण खोकल्यावाटे एकाकडून दुसऱ्याकडे सहज जात नाही. २००३ पासून जगात या विषाणूच्या ज्या मानवी रुग्णांची नोंद झाली, त्यांपैकी सुमारे निम्मे दगावले. भारतात २०२१ मध्ये हरियाणातील एक मुलगा व २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील एक बालिका, अशी दोन मुले त्याला बळी पडली. ‘सुमारे निम्मे’ हा आकडा वृत्तपत्रांना प्रिय आहे. तथापि, ज्यांना सौम्य लक्षणे झाली व जे कधी इस्पितळात पोहोचलेच नाहीत, ते या गणतीत येत नाहीत, हे ध्यानात घेतले पाहिजे. उलट पक्षी, विषाणूचा प्रत्येक नवा सस्तन आश्रय ही त्याच्या रूपांतराची एक संधी असते. म्हणून गोरेवाड्याची घटना किरकोळ मानणेही योग्य नव्हे. भीती आणि उपेक्षा या दोहोंच्या मधली जागा शोधणे हेच शासनाचे खरे काम, आणि तेच सर्वांत अवघड काम.

या प्रदेशाला इन्फ्लुएंझाची ओळख नवी नाही. १९१८ च्या साथीला मराठी खेड्यांनी ‘मानमोडी’ हे नाव दिले. शास्त्रज्ञांनी दिलेल्या कोणत्याही नावापेक्षा ते अधिक अर्थवाही आहे. ताठ मानेचा माणूस दोन दिवसांत मान टाकतो, हा अनुभव त्यात साठलेला आहे. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेल्या पोलीस शिपायांना प्रथम ज्वर आला. ती लाट सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी आली, आणि ६ ऑक्टोबर रोजी मुंबई शहरात मृत्यूंचा कळस झाला. तेथून रोग लोहमार्गांनी देशात पसरला. मध्यप्रांत व वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानातील सर्वाधिक पोळलेल्या प्रांतांपैकी एक ठरला. तेथे हजारी साठांहून अधिक माणसे गेली. आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे त्या वेळी याच प्रांताच्या चांदा जिल्ह्यात मोडत. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महाग झाले होते, आणि महायुद्धामुळे डॉक्टरांची वानवा होती. साऱ्या देशातील मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींच्या पुढेपर्यंत जातात. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. शिरगणतीच्या इतिहासात असे एकच दशक आहे.

या आकड्यांमागची यंत्रणा कशी होती हे पाहिले म्हणजे अरण्यप्रदेशाच्या बाबतीत सावध व्हावे लागते. मध्यप्रांतात जन्ममृत्यूची वर्दी गावच्या कोतवालाने पोलीस ठाण्यावर द्यावयाची असे. कोतवालच अंथरुणाला खिळला, किंवा ठाणे दोन दिवसांच्या वाटेवर असले, म्हणजे मृत्यू घडे पण नोंद घडत नसे. वैनगंगेच्या पलीकडील जमीनदारी मुलखात हे किती प्रमाणात झाले असेल याची कल्पना कोणासही करता येईल. ज्या प्रदेशाची भीती कागदावर कमीत कमी उमटते, तेथे ती कमी असते असे मानण्याची चूक प्रशासनाने वारंवार केली आहे.

मुंबईच्या त्या वेळच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट स्पष्ट दिसते. तेथे युरोपियनांचा मृत्युदर हजारी आठांच्या आसपास, तर ज्यांना त्या काळचे अहवाल ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणत त्यांचा हजारी साठांच्या वर होता. विषाणू एकच, पण खोली, पाणी, अन्न व शुश्रूषा करणारे हात यांतील फरक मृत्यूच्या पटीत उतरला. १९१८ मधील बहुसंख्य रुग्ण विषाणूने नव्हे, तर त्याच्या पाठोपाठ फुप्फुसात शिरलेल्या जंतूंमुळे झालेल्या न्यूमोनियाने गेले, असे पुढे जतन केलेल्या ऊतींच्या अभ्यासावरून दिसून आले. हा मुद्दा गडचिरोलीच्या दृष्टीने कळीचा आहे. त्याकडे पुढे वळावयाचे आहे.

नागरी भीतीचे स्वरूप निराळे असते. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू झाला. मृत मुलगी शाळकरी होती. पुढच्या आठवडाभरात नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या, मुखपट्ट्या मिळेनाशा झाल्या, शाळा व चित्रपटगृहे बंद झाली. ज्या रांगेत निरोगी माणूस केवळ शंकेने तासन्‌तास उभा राहतो, तीच रांग त्याला रोग देण्यास पुरेशी असते, ही विसंगती त्या वेळी अनेकांच्या लक्षात आली. तरीही पुण्याच्या बाजूने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था त्याच शहरात होती, औषधाचा साठा सरकारपाशी होता, आणि वृत्तपत्रे रोज आकडे छापीत होती. भीती मोठी होती, पण तिला विचारावयास दार होते.

याच्या तीन वर्षे आधी, फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील कोंबड्यांमध्ये पक्षिज्वर प्रथम सिद्ध झाला. लाखो कोंबड्या मारण्यात आल्या. मानवी रुग्ण एकही निश्चित झाला नाही. परंतु कोंबडीचे भाव देशभर कोसळले आणि कुक्कुटपालन करणारी कुटुंबे उघडी पडली. शासनाने रोग आवरला हे खरे; त्या यशाची किंमत मात्र रोगाशी थेट संबंध नसलेल्यांनीही मोजली.

नवापुरात कोंबड्या व्यापारी शेडमध्ये होत्या. भामरागड वा एटापल्लीकडील माडिया कुटुंबात कोंबडी घरातच असते. ती रात्री टोपलीखाली झाकलेली असते, दिवसा उंबऱ्यातून आतबाहेर करते, पाहुणा आला म्हणजे त्याच्यासाठी कापली जाते, देवाला दिली जाते, आठवडी बाजारात मिठामिरचीसाठी विकली जाते. झुंजीचा कोंबडा हा तर मालकाच्या प्रतिष्ठेचा विषय. कोंबडाबाजार कायद्याने निषिद्ध असला तरी तो बंद झालेला नाही. आणि साथीच्या दृष्टीने पाहता गावोगावचे पक्षी एकत्र आणणारे, त्यांचे रक्त माणसाच्या हाताला लावणारे याहून प्रभावी ठिकाण क्वचितच सापडेल. केंद्राच्या कृतियोजनेनुसार रोगग्रस्त केंद्राभोवती एक किलोमीटरच्या परिघातील पक्षी मारावयाचे व दहा किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवावयाची. मारलेल्या पक्ष्यांसाठी भरपाई आहे, तिचा भार केंद्र व राज्य निम्मानिम्मा उचलतात. परंतु जो पक्षी रोगाने आधीच मेला त्याची भरपाई नाही. या एका अटीचा परिणाम काय होतो? कोंबड्या माना टाकू लागल्या की घरधनी वर्दी देण्याआधी उरलेल्या विकून किंवा खाऊन मोकळा होतो. त्याचे हे वर्तन अज्ञानाचे नव्हे. नियमाने त्याच्यापुढे जो हिशेब मांडला, त्याचे ते बिनचूक उत्तर आहे. लवकर वर्दी देणाऱ्याला मेलेल्या पक्ष्यांचेही काही मोल मिळाले, तर शासनाचा खर्च थोडा वाढेल व माहिती पुष्कळ लवकर मिळेल.

कायद्याची बाजू शासनाकडे भक्कम आहे. साथरोग अधिनियम १८९७ चा. प्लेगच्या काळात तो जन्मला, आणि मार्च २०२० मध्ये कोविडसाठी महाराष्ट्राने त्याचाच आधार घेतला. पण त्याच्या जन्मवर्षीच पुण्यात प्लेगच्या घरझडत्यांनी जो संताप पेटला व ज्याचा शेवट रँडच्या वधात झाला, त्यावरून एवढे तरी दिसते की माणसे रोगाइतकीच रोग शोधायला येणाऱ्यांना भिऊ शकतात. गडचिरोलीत हे भय आणखी गडद आहे, कारण येथे गणवेश घालून गावात येणारा माणूस अनेक दशके संघर्षाच्या एका ना एका बाजूचा समजला गेला आहे.

गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे काम १९८६ पासून चालू आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी इस्पितळ उभारण्यापूर्वी गोंड लोकांना विचारले, तेव्हा मोठ्या दवाखान्याची भीती वाटते असे उत्तर मिळाले : तेथे माणसे मरतात, नातेवाइकांना राहू देत नाहीत, आणि पांढरे कपडे तर प्रेताला घालतात. म्हणून शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांच्या रूपात बांधला गेला व त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. याच संस्थेने ५८ गावांत गावातील कार्यकर्त्यांना व सुइणींना मुलांचा न्यूमोनिया ओळखण्यास व साधे प्रतिजैविक देण्यास शिकविले. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील न्यूमोनियाजन्य बालमृत्यू तुलनेच्या गावांच्या निम्म्याहून खाली आले. १९१८ चा मारेकरी न्यूमोनिया होता हे लक्षात घेतले, तर साथीची सज्जता म्हणून ज्या यंत्रसामग्रीची चर्चा होते तिच्या आधी हा प्रयोग आठवावयास हवा. श्वास मोजता येणारी व औषधाची बाटली बाळगणारी बाई गावातच असेल, तर पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा मार्ग तुटला तरी उपचार तुटत नाही.

२०२० च्या उन्हाळ्यात या सज्जतेची परीक्षा झाली. मिरची तोडण्यासाठी तेलंगणात गेलेले येथील हजारो मजूर टाळेबंदीत अडकले आणि रानवाटांनी, नद्या ओलांडून पायी परतले. मेच्या मध्यापर्यंत गडचिरोलीत एकही रुग्ण नव्हता. परतलेल्यांना गावाबाहेर शाळेत वा शिवारातील झोपडीत ठेवण्याची व्यवस्था अनेक ठिकाणी गावांनीच केली. येथे भीतीने शिस्तीचे रूप घेतले. पुढील वर्षी लस आली तेव्हा मात्र तीच भीती लस देणाऱ्यांविरुद्ध उभी राहिली. विलगीकरणाचा निर्णय गावाने घेतला होता, लसीचा निर्णय बाहेरून आला होता.

मांगलीसारख्या गावी पुढच्या वेळी कोंबड्या मरू लागतील, तेव्हा पहिली वर्दी जाईल ती पशुवैद्यकीय दवाखान्याकडे की आठवडी बाजाराकडे, हे त्या घराला आधी मिळालेल्या वागणुकीवर ठरणार आहे. जिल्हा योजनेत औषधाचे साठे, प्रयोगशाळेचे अंतर, पथकांची संख्या यांचे रकाने असतात. पुजारी, गावपाटील, आशा व बाजारातील कोंबडीविक्रेता यांच्याशी साथ नसताना वर्षातून किती वेळा बोलणे झाले, हा रकाना त्यात जोडण्यास खर्च असा काहीच येत नाही.